मावशीच्या बाजूचा साक्षीदार

मावशीला तिच्या भाच्याला तोंडावर सांगायचं होतं की मी धडधाकट आहे, माझं घर आयर्लंडमध्ये, नास गावात आहे आणि मी तिथंच राहणार आहे. फोनवर सांगून त्याला पटत नव्हतं. तो म्हणायचा, आत्या, एकटी राहू नकोस, गावी ये. म्हणून दोन हजार एकवीसच्या सप्टेंबरात, विमानं पुन्हा जरा नीट उडायला लागल्यावर, आम्ही दोघं इटलीतल्या डोंगरात तिच्या गावाला गेलो. ती स्वतःला दाखवायला आणि मी साक्षीदार म्हणून.

"तू माझ्या घरात राहतोस," ती म्हणाली. "मी कशी राहते ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

सोमवारी निघायचं आणि शुक्रवारी परत. शेजारणीला फक्त गुरुवारी कचऱ्याचा डबा रस्त्यावर काढायला सांगून ठेवलं होतं. बाकी काही आवरलं नव्हतं. तिचा चष्मा पुसायचा फडकाही खिडकीत होता तसाच राहिला.

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. नात्यातली नव्हे, जातीपातीतली नव्हे, देशातलीसुद्धा नव्हे. पहिल्यांदा मी तिला मॅडम म्हणायचो. ती म्हणाली, "मी काय शाळेतली बाई आहे?" म्हटलं, शाळेतली बाई असतीस तर मी इथं राहायला आलोच नसतो, नववीत शाळा सोडली ती बाईंच्या धाकानंच. ती खूप हसली. मग तुमच्याकडं म्हाताऱ्या बाईला काय म्हणतात ते तिनं विचारलं आणि त्या दिवसापासून ती मावशी झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अठराव्या वर्षी डून लेरीच्या समुद्रावरच्या एका हॉटेलात चादरी बदलायला आली, घोड्यांच्या तबेल्यात काम करणाऱ्या एका आयरिश माणसाशी लग्न केलं, त्याला जाऊन दहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. तिचं इंग्रजी आयरिश झालेलं होतं. काहीही विचारा, "ग्रँड" म्हणायची, म्हणजे सगळं उत्तम. पाय दुखतोय का? ग्रँड. पाऊस येतोय का? ग्रँड.

मी कराडकडचा. पुण्यात हॉटेलांत भांडी घासली, मग तंदूर शिकलो, मग मस्कत, मग नासचं इंडियन रेस्टॉरंट. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये रेस्टॉरंट बंद झालं, आणि त्याच महिन्यात तिकडं तिच्या गावात तिचा भाऊ गेला. तिला जाता आलं नाही. फोन ठेवून ती मागच्या अंगणात गेली आणि कुंपणाची मेंदी कापायला लागली. माझ्या खांद्याएवढं कुंपण संध्याकाळपर्यंत गुडघ्याएवढं झालं होतं. मी दोनदा चहा नेऊन ठेवला. दोन्ही कप तसेच गार झाले.

त्यानंतरचं वर्षभर त्या घरात आम्ही दोघंच. सकाळी रेडिओवर आसपासची कोण कोण गेली त्यांची नावं वाचायचे, ती ऐकायची आणि ओळखीचं नाव आलं की चमचा खाली ठेवायची. मला रोज मोठ्यानं इंग्रजी पेपर वाचायला लावायची. माझ्या कामाच्या परवान्याबद्दल, तिथं राहायच्या कार्डाबद्दल सरकारी पत्रं यायची. ब्राऊन पाकीट दारातून पडलं की मी त्याला हातच लावायचो नाही. ती उघडायची, चष्मा कपाळावर ढकलून वाचायची आणि म्हणायची, "यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढं ढकललंय. सगळं जगच पुढं ढकललंय." तिचे हे उपकार मी विसरणार नाही. त्या पाकिटांच्या भीतीनं मी कधीच काहीतरी उलटंसुलटं करून बसलो असतो.

एकवीसच्या फेब्रुवारीत ती मागच्या पायरीवर घसरली आणि मनगट मोडलं. भाच्यानं तेव्हापासून धोशा लावला. पण प्लास्टर निघालं आणि आठवड्याभरात ती पुन्हा गाडी चालवायला लागली. पाच किलोमीटरच्या आत, कोरोनाच्या नियमाप्रमाणं. मी शेजारी बसून देवाचं नाव घ्यायचो.

एप्रिलच्या शेवटी माझी आई गेली.

दवाखान्यात गेली. थोरल्या भावाला लांबूनच दाखवली. पांढऱ्या झग्यातल्या माणसांनी सगळं केलं आणि भावानं फाटकाबाहेरून हात जोडले. मला फोन आला तेव्हा मी उभाच होतो आणि नंतरही बराच वेळ उभाच राहिलो. विमानं नव्हती, कार्डाची मुदत ताणलेली, गेलो तर परत घेतील की नाही माहीत नाही. भाऊच म्हणाला, "येऊ नकोस. येऊन बघणार काय?" त्याचं बरोबर होतं. त्याचं बरोबर होतं, हेच अजून गिळत नाही.

त्यानंतर मी मावशीचं करायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळचा चहा तिच्या खोलीत नेऊन द्यायचा. पाव कापून, लोणी लावून पुढं ठेवायचा. ती जिना चढली की मागून चढायचं, उतरली की पुढून उतरायचं. बाहेर जाताना खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या. "हात बरा झालाय रे," ती पाय मागं घ्यायची. "तू काय माझ्या मरणाची रंगीत तालीम करतोयस?" मी ऐकायचो नाही. मग मे महिन्यात एका सकाळी मी खाली बसायच्या आधीच तिनं गुपचूप पाय पुढं केला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

इटलीला जायचं ठरलं तेव्हा कळलं की आयर्लंडचं कार्ड तिकडं चालत नाही, वेगळा व्हिसा लागतो. पुन्हा सुरू झालेल्या आमच्या रेस्टॉरंटात दर शनिवारी बिर्याणी न्यायला येणारा पुण्याचा एक इंजिनिअर पोरगा आहे, त्यानं फॉर्म भरून दिला.

"काका, जायचं कारण काय लिहू?"

"साक्ष द्यायला चाललोय."

"असं लिहिलं तर आपल्या दोघांनाही आत टाकतील. पर्यटन लिहितो."

तेव्हा पर्यटन. विमान, मग आगगाडी, मग बस. बसचा ड्रायव्हर तिचा भाचाच. तळ्याच्या कडेकडेनं जाणाऱ्या त्या एकाच रस्त्यावर तो वीस वर्षं बस चालवतो. मास्कच्या वरून त्याचे डोळे ओले झालेले दिसले. "आत्या," म्हणाला, आणि पुढची सगळी वळणं त्यानं नाक ओढत काढली.

कोयनेचं पाणी बघितलेल्या माणसाला तळ्याचं काय कौतुक, असं मला वाटलं होतं. पण त्या पाण्याचा रंग आमच्याकडं द्राक्षांवर मारतात त्या मोरचुदाच्या पाण्यासारखा होता, आणि दोन्ही बाजूंनी डोंगर इतके सरळ उठलेले की गावाला पाय ठेवायला जेमतेम जागा. दगडी छपरांची घरं एकावर एक. प्रत्येक सज्ज्यात लाल फुलं. गल्ली एकच, बाकी सगळ्या पायऱ्या. दुपारी तीन वाजता ऊन पलीकडच्या काठावर गेलं आणि अलीकडं एकदम गार पडलं.

"नोव्हेंबर लागला की इकडचं ऊन जातं," मावशी म्हणाली. "ते फेब्रुवारीपर्यंत येत नाही. समोरच्या गावावर पडलेलं बघत बसायचं. म्हणून तर मी पळाले."

बसची पायरी उंच होती. मी आधी उतरलो, वाकलो, तिचा एक पाय हातात धरून खाली टेकवला, मग दुसरा. मान वर केली तर भाचा आरशातून बघत होता. मला वाटलं, बघू दे. आपल्या आत्याला परक्या मुलखात किती जपतात ते कळू दे.

तिच्या भावजयीच्या घरी जेवण होतं. मक्याच्या पिठाचं घट्ट पिठल्यासारखं पिवळं काहीतरी आणि तळ्यातले तळलेले मासे. भावजय मावशीपेक्षा दोन वर्षांनी थोरली, पण तांब्याचं ते जड भांडं तिनं एकटीनं उचलून पाटावर उलथं केलं. बारीक काट्यांचा मासा होता. मी मावशीच्या ताटातला मासा ओढून घेतला, बोटांनी काटे काढले आणि मऊ मऊ तेवढं परत तिच्या ताटात सारलं. "मावशी, अजून एक घे. एवढ्यानं काय होतंय?" आपल्याकडं पाहुण्यांदेखत म्हाताऱ्या माणसाला असा आग्रह केला की लोक म्हणतात, नशीबवान आहे. भावजय हात थांबवून बघत राहिली. मग तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"विचारते, तू नर्स आहेस का."

"मग?"

"म्हटलं, तंदूरवाला आहे."

दोघंही हसलो. भावजय हसली नाही.

बुधवारी आम्ही तिच्या भावाला भेटायला गेलो. कबरस्तान गावाच्या वर, पायऱ्या चढून. ती एकटीच चढणार म्हणत होती. मी एक हात कोपराला आणि एक पाठीला लावून चढवली, मध्ये दोनदा कट्ट्यावर बसवली. भाच्याची बायको मागून येत होती, तिनं पाण्याची बाटली पुढं केली ती माझ्याकडं, मावशीकडं नाही. मीच मावशीला पाजली.

दगडावर भावाचा छोटा गोल फोटो होता. मावशी त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलली, बराच वेळ, आवाज न चढवता. मला एक शब्द कळला नाही. पण माणूस नसताना आलो, उशीर झाला, हे कुठल्याही भाषेत कळतं. माझ्या डोळ्यांपुढं ते फाटक होतं, ज्याच्याबाहेर भाऊ उभा राहिला होता. तिथं तर मी नव्हतोच.

उतरून आलो. घराच्या दाराशी दगडी हौद आहे, डोंगरातलं पाणी त्यात अखंड पडत असतं. पूर्वी बायका तिथं कपडे धुवायच्या. मावशी उंबऱ्याकडं वळली आणि माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "थांब. अशी आत जाऊ नकोस."

आपल्याकडं मसणवटीतून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय घरात शिरत नाही. लहानपणापासून बघितलेलं. आई दारातच बादली आणि तांब्या घेऊन उभी असायची. मी मावशीला हौदाच्या काठावर बसवलं. बूट काढले, मोजे काढले. ओंजळीनं पाणी घेऊन तिचे पाय धुतले. टाचा, बोटांमधल्या फटी, घोटे. पाणी बर्फासारखं होतं. ती "हाय" म्हणाली आणि तोल सांभाळायला तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात डोक्यावर आला आणि माझं मला आवरेना. आईच्या वेळी मी कुठून आलोच नव्हतो, तर पाय कुठले धुणार? माझ्या शर्टाच्या टोकानं मी तिचे पाय पुसले, मोजे चढवले, नाड्या बांधल्या.

उठलो तेव्हा लक्षात आलं की सगळं गाव गप्प आहे. वरच्या सज्ज्यात एक बाई सतरंजी झटकत होती, ती थांबली होती. दुसरीनं छातीवर क्रूस काढला. समोर थांब्यावर भाच्याची बस उभी, इंजिन चालू, चारपाच माणसं खिडक्यांतून बघतायत. आणि भाचा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेला, वेळ झाली तरी बस हलवेना.

त्या संध्याकाळी तो आला. माझ्याशी इंग्रजीत बोलला, तोडकंमोडकं, माझ्यापेक्षा फार बरं नव्हतं.

"आम्हाला माहीत नव्हतं," तो म्हणाला, "आत्याची अशी अवस्था झालीय ते. फोनवर ती सारखी ग्रँड म्हणते."

"नाही नाही," मी म्हणालो. "शी गुड. ऑल गुड. ती गाडी चालवते. कुंपण कापते."

"तू चांगला माणूस आहेस."

"आमच्यात असं करतात. कबरस्तानातून आलं की पाय धुतात. म्हाताऱ्या माणसाचं करतात. त्यांना येत नाही म्हणून नव्हे."

शब्द जुळवताना मला घाम फुटला. एवढं एकच तर सांगायला मला आणलं होतं. भाच्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याला वाटलं, मी तिचं लपवतोय. माझ्या चांगुलपणानं मी तिची अब्रू झाकतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"थँक यू," तो म्हणाला. "आता आमची पाळी."

मावशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिनं सगळं ऐकलं. मी मान खाली घातली.

गुरुवारी सकाळी बोटीच्या धक्क्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. समोरच्या काठावरून ऊन हळूहळू पाण्यावरून आमच्याकडं येत होतं.

"मावशी, तू सांग ना त्यांना."

"रात्री सांगितलं."

"मग?"

"तो म्हणाला, आत्या, आज तुझे पाय कुणी धुतले?"

मी तिच्या बुटांच्या नाड्यांकडं बघितलं.

"मला सगळं येत होतं रे," ती म्हणाली. "नाडीसुद्धा. पाव काय, मी अख्खं कोकरू कापलंय."

"मग मला अडवलं का नाहीस? एक थोबाडीत द्यायचीस."

"तुझी आई गेली होती. घरभर फिरायचास, हातांना काही काम नसल्यासारखा. म्हटलं, पाय काय, दोन आहेत माझ्याकडं. देऊन टाक." ती जरा हसली. "वाटलं, महिनाभर करेल, मग शांत होईल. तू काही शांत होईनास. आणि मग मला सवय लागली. ते कशाला खोटं सांगू? काल पायऱ्या उतरताना तू हात सोडला असतास तर मी खाली बसले असते. भीती वाटली. आधी वाटत नव्हती. आता मलाच कळत नाही, मला येतं की येत नाही."

"चल, आत्ता चढून बघू. मी लांब उभा राहतो. हातसुद्धा लावत नाही."

तिनं वर पायऱ्यांकडं बघितलं. खरंच बघितलं, एकेक मोजल्यासारखं. मग डोकं हलवलं.

"एक हिवाळा इथं राहा म्हणतोय तो. काढते एक हिवाळा. मग बघू."

मी तिला विनवलं, हे मी लिहून ठेवतो. पाया पडलो तिच्या, म्हटलं चुकलो, चल घरी. ती घाईघाईनं म्हणाली, "ऊठ, ऊठ, वरून बघतायत."

शुक्रवारी मी एकटाच बसमध्ये बसलो. मावशी थांब्यावर आली होती. भावजयीनं तिचं कोपर धरलं होतं आणि भाच्याची बायको पाठीला हात लावून होती. अगदी मी धरायचो तसंच. भाच्यानं मला तिकीट काढू दिलं नाही. स्टेशनवर उतरताना पिशवीभर खाणं दिलं, मिठी मारली. त्या माणसात खोट काढायची म्हटलं तरी निघत नाही. नासच्या घराचं काय ते वसंतात ठरवू, तोपर्यंत तू राहा, काळजी करू नकोस, असं त्यानं नंतर लिहूनही कळवलं. मी तो निरोप चारचारदा वाचला. ब्राऊन पाकिटात नव्हता, तरी फोन पालथा घालून ठेवला.

नासमध्ये शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय बातमी?" आता कुंपण पुन्हा माझ्या खांद्यापर्यंत आलंय, तिला टाचा उंचावून बोलावं लागतं. मी सांगतो, हिवाळा संपला की येईल. ती म्हणते, "हो, हो, अर्थात," आणि लगेच हवेबद्दल बोलायला लागते.

दर रविवारी, चर्चहून आल्यावर, मावशीचा फोन येतो. डिसेंबरातल्या एका रविवारी मी विचारलं, "ऊन गेलं का गं?"

"कधीच. समोरच्या गावाला आहे. दिसतं मला इथून."

"आणि दिवसभर काय करतेस?"

"बसते. खिडकीशी खुर्ची ठेवलीय त्यांनी. पायांवर घोंगडी घालतात."

"सकाळची कॉफी तरी तूच करतेस ना?"

"छे. चटका बसेल म्हणतात. फार करतात रे माझं. तुझ्यासारखंच."

तिचा आवाज मधेच लांब गेला, जवळ आला, पुन्हा लांब गेला, हात दमल्यावर फोन खाली येतो तसा. मागून भावजय काहीतरी म्हणाली. मग कुणीतरी तो फोन तिच्या कानाशी नीट धरला असावा, कारण एकदम तिचा श्वास अगदी जवळून ऐकू यायला लागला.